मसाक्याहून डोंबिवलीला गेलेली चटई

आपल्या कंपाल्याच्या मराठी मंडळाच्या अंकात दर वर्षी कोणी ना कोणी केनियातले सिंह लिहितं, नाहीतर झांझिबारचा समुद्र. या वेळी सुनीतावहिनी मला म्हणाल्या, "संतोष, तुम्ही यंदा घरी जाऊन आलात ना, तेच लिहा. इथे सगळे नागपूर-साताऱ्याचे. डोंबिवली पाहिलीय कोणी?" मी म्हटलं, वहिनी, माझी शाळा आठवीत सुटली, त्यानंतर मी लिहिलीत ती फक्त मशीनवरची मापं. तर म्हणाल्या, बोलता तसं लिहा. म्हणून बोलतो तसं लिहितोय. मी मसाक्याहून कंपाल्याला गणपतीला येतो तेव्हा तुम्ही मला पहिल्या पंक्तीला बसवता, शिक्षण कोणी विचारत नाही, त्याची ही फेड समजा. तिथले पंधरा दिवस गोड गेले नाहीत, एवढं आधीच सांगतो.

मी मसाक्याच्या कॉफी-कारखान्यात मशीन सांभाळतो. त्याआधी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये लेथवर होतो. मसाक्यात ज्या बाईंच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो, त्यांची मुलगी प्रॉसी. पहिल्याच वर्षी मला मलेरिया झाला, तेव्हा या बाईंनी नऊ दिवस माझं डोकं मांडीवर घेऊन मला पेज पाजली. सख्खं कोणी करणार नाही इतकं केलं. पुढे मी त्यांची लेक मागितली, आणि त्या दिवसापासून त्यांनी मला तोंड दाखवलेलं नाही.

रागाने नाही. त्यांच्या गावाकडची रीत आहे. सासू आणि जावई यांनी समोरासमोर यायचं नाही, एका खोलीत बसायचं नाही, शिवणं तर दूरच. जावयाचा मान म्हणून. ही रीत मोडली तर हाताला थरथर लागते असं त्यांच्यात मानतात. त्यामुळे पेज पाजणारी बाई आता दाराआडून बोलते, आणि मी भिंतीला "हो आई, हो आई" करतो.

इकडच्या लग्नात मुलाकडच्यांनी माणसं जमवून मुलीच्या दारी जायचं असतं. माझ्याकडून घरचं कोणी आलं नाही. तुमच्यातलेच चौघे माझे काका-मामा होऊन आलेले, ते मी विसरणार नाही. पण सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "उसनी माणसं पाहिली. आता खरी बघायची." आणि शिंदीच्या पातीची चटई विणायला बसल्या. जांभळी, हिरवी, राणी रंगाची, माणूसभर रुंद. इकडे मुलीची आई सासरी चटई देते ती सासूने आणि सुनेने तिच्यावर बसून बोलावं म्हणून.

माझं एवढंच मागणं होतं. प्रॉसीने आमच्या डोंबिवलीच्या घराचा उंबरा ओलांडावा, आईने तिला "ये" म्हणावं, आणि हॉलमध्ये ती चटई अंथरली जावी. बाकी काही नको होतं.

वर्तकनगर

विमानतळावर कस्टमवाल्याने चटई उलगडायला लावली. "इतनी दूर से चटई?" म्हणाला. मी म्हटलं, साहेब, माँ के लिए है. त्याने प्रॉसीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत चटईकडे. जणू तिच्यातच उत्तर होतं.

दादा घ्यायला आलेला. एकच गाडी होती, म्हणून बरोबर आलेल्या सासूबाई प्रॉसीशेजारी मागे बसल्या आणि मी पुढे. गाडी डोंबिवलीकडे न वळता ठाण्यात शिरली तेव्हा मी विचारलं. समोर बघत म्हणाला, "घरात लादीचं काम काढलंय. सगळं उखडलंय. तुम्ही मावशीकडे उतरा."

लादीचं काम वगैरे काही नव्हतं, ते मला माहीत होतं. निघायच्या आदल्या दिवशी आई फोनवर बोललेली, "तू ये रे. बाकीच्यांचं बघू." मागच्या सीटवरून प्रॉसीने विचारलं, काय म्हणतोय तुझा भाऊ? तेव्हा मी नुसतं "फरशी उखडलीय" म्हणून थांबायचं होतं. पण मला घाबरलं की जास्त बोलायची सवय आहे. मी म्हटलं, "तुम्ही येणार म्हणून आई नवीन लादी बसवून घेतेय."

प्रॉसीने ते आईला सांगितलं. मागे शालीआड तोंड करून बसलेल्या सासूबाई खूश होऊन काहीतरी बोलल्या. प्रॉसी म्हणाली, "आई म्हणते, नव्या लादीवर नवी चटई. तुझी आई मोठ्या मनाची आहे."

दादाने आरशात माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. शाळेत शिपाई होती, आता वर्तकनगरच्या कॉलनीत एकटी असते, एक खोली आणि किचन. दार उघडून तिने प्रॉसीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अरे संत्या, मला वाटलं सावळी असेल. ही तर चांगलीच काळी आहे रे! पण दात बघ. टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे." प्रॉसीने गुडघे टेकून नमस्कार केला, तसं मावशीने तिला धरून उठवलं, "अगं, गुडघे फुटतील, माझे आई," आणि गालावरून हात फिरवून बोटं मोडली. प्रॉसीने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, दात सुंदर आहेत म्हणाल्या. हे निदान अर्धं तरी खरं होतं.

एका खोलीत सासू आणि जावई राहणार कसे? मी वागळेला माझ्या जुन्या वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर झोपायला गेलो. पवार मिस्त्रींनी काही न विचारता चावी दिली. सकाळी मावशीकडे यायचो तेव्हा जिन्यात तिसऱ्या पायरीवर उभा राहून खोकायचो. आत धावपळ व्हायची, सासूबाई किचनमध्ये जायच्या, मावशी दोरीवर चादर ओढायची, मग हाक यायची, "ये रे, सोवळं झालं!" समोरच्या घरातले भाऊ नावाचे शेजारी रोज दारात उभे राहून बघायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "संतोष, तुला बघून सासू पळते? काय पुण्य केलंयस रे. आमची आठ वर्षं झाली हलत नाही."

बाहेर जायचं तर दोन रिक्षा. एकीत मी आणि प्रॉसी, दुसरीत मावशी आणि सासूबाई. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी उतरताना दोघी हसत असायच्या. आमच्या रिक्षात ड्रायव्हर आरशातून विचारायचा, "मॅडम नायजेरिया से?" मी "युगांडा" म्हणायचो. "वही ना," म्हणायचा.

एक दिवस मात्र चांगला गेला, तो लिहितो. मावशीची संकष्टी होती. सासूबाईंना मार्केटात हिरवी केळी दिसली आणि त्यांनी अख्खा घड उचलला. केळीच्या पानात गुंडाळून, मावशीच्या मोदकपात्रात उकडून, ठेचून मटोके केलं, आणि त्यावर शेंगदाण्याची दाट आमटी. मावशी वासानेच किचनमध्ये गेली. "अरे, ही तर आपली दाण्याची आमटी! आणि हे केळं. संत्या, यात उपासाला न चालणारं काय आहे रे?" काहीच नव्हतं. मावशी दिवसभर तेच जेवली, दोन वेळा वाढून घेतलं. चादरीपलीकडे दोघी जमिनीवर, अलीकडे मी आणि प्रॉसी. मला वाटलं, आईने हे एकदा बघायला हवं.

संध्याकाळी तलावपाळीवर गेलो. मी अभिमानाने तळं दाखवलं. प्रॉसी म्हणाली, "छान आहे. बाकीचं कुठे आहे?" ती नलुबालेच्या, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या, काठी वाढलेली. त्या सरोवरात आपले सात-आठ जिल्हे बुडतील. मी पहिल्यांदा पोट धरून हसलो. मग कॉलेजची तीन पोरं आली, न विचारता तिच्याबरोबर सेल्फी काढले आणि जाताना हिंदीत असं काही बोलली की मला हिंदी येतं याचं वाईट वाटलं. प्रॉसीने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, थँक्यू म्हणाली.

कल्याण

आई पहिल्यांदा भेटली ती कल्याणला, खाडीकाठच्या देवीच्या देवळात. जागा तिनेच ठरवली. तिथे सोसायटीतलं कोणी येत नाही.

माझी आई वाईट बाई नाही. वडील गेल्यावर तिने वीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. ज्या सोसायटीत पोळ्या लाटायला मागच्या जिन्याने जायची, त्याच सोसायटीत दादाने नोकरीला लागल्यावर फ्लॅट घेतला. बँकवाले, मास्तर, हेडक्लार्क यांच्या बायका. त्यांना आईला "अहो" म्हणायला बरीच वर्षं लागली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिला भजनी मंडळात घेतलं. हे सगळं मला माहीत आहे, म्हणून मला तिच्यावर धड रागावताही येत नाही.

प्रॉसी पायरीवरच गुडघ्यांवर बसली, मान खाली, दोन्ही हात पुढे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं देवीपुढे बसलीय. एक बाई तर तिला हळद लावून गेली. आईचा चेहरा जरा सैल झाला. "वाकायला येतं हिला," मला म्हणाली. "आपल्या स्मिताला सांगून येत नाही." स्मिता म्हणजे दादाची बायको. मग इकडे तिकडे बघून म्हणाली, "आणि ती आई कुठाय?"

"त्या भिंतीमागे आहेत. मी इथे आहे ना, म्हणून."

"म्हणजे आमचं तोंडसुद्धा बघायचं नाही?"

"तसं नाही गं. माझा मान म्हणून."

"मान असा असतो?" आई म्हणाली. "मी इथवर उन्हातनं आले. तिला भिंत ओलांडवत नाही."

मी बाजूला झालो असतो, तर दोघी तिथेच भेटल्या असत्या. मला सुचलं नाही, की मला भीती वाटली, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. प्रॉसीने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, तुझ्या आईला ऊन लागेल म्हणून काळजी करतायत.

ठाणे, हॉल

आपल्या पद्धतीने चार अक्षता टाकायच्या असं ठरलं. हॉल ठाण्यात, डोंबिवलीहून लांब. घरचीच पस्तीस-चाळीस माणसं. इथे जी चूक झाली ती माझी. मी गुरुजींना सगळं सांगितलं, सासूबाईंना सगळं सांगितलं, पण मुलीच्या आईला नवऱ्या मुलाचे पाय धुवावे लागतात हे मीच विसरून गेलो. लहानपणापासून इतक्या लग्नांत बघितलंय की ते सांगायचं असतं असं डोक्यातच आलं नाही.

गुरुजी म्हणाले, "मुलीच्या मातोश्री, या." मावशीने सासूबाईंना खुणेने पुढे ढकललं. समोर परात, परातीत माझे पाय. सासूबाईंना एका क्षणात कळलं काय करायचंय. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मागे वळल्या आणि चपला काढतात तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

माझे सख्खे काका मोठ्याने म्हणाले, "वा! जावयाच्या पायांची किळस येते बाईला." आई पाटावरनं उठली. "माझ्या मुलाचे पाय नकोत? आम्ही एवढं गिळलं, आणि हिला माझ्या मुलाचे पाय नकोत?"

मी गुरुजींच्या कानात रीत सांगितली. तरुण होते, डोंबिवलीचेच. विचार करून म्हणाले, "शास्त्राला पाणी पडल्याशी मतलब. शिवायलाच हवं असं नाही. अंतरपाट आहेच आपल्याकडे, धरा."

चुलतभावांनी अंतरपाट धरला. प्रॉसी आईशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. सासूबाई आल्या. मला फक्त कापडाखालून पुढे आलेला हात आणि तांब्या दिसत होता. एवढ्या जवळ येणं हेसुद्धा त्यांच्या लेखी पाप होतं, आणि त्या आल्या, माझ्या माणसांसाठी. हात इतका थरथरत होता की पहिली धार गुरुजींच्या धोतरावर पडली.

हॉल हसायला लागला. "अरे, पाइपलाइन फुटली!" काका ओरडले. कोणीतरी मोबाइल धरलेला होताच. सासूबाईंनी दुसरी धार नीट माझ्या पायांवर सोडली, तांब्या खाली ठेवला आणि हसण्याचा आवाज ऐकून, आनंदाने हसतायत असं समजून, कापडापलीकडून त्याही थोड्या हसल्या.

आई न जेवता गेली. संध्याकाळी फोन आला. "तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. लेलेबाई विचारत होत्या, तुमचाच ना संतोष? आता आण तुझ्या बायकोला घरी, तिकीट लावते." आणि ठेवला.

"आई काय म्हणाली?" प्रॉसीने विचारलं.

"दमलीय म्हणाली. लादीचं काम अजून दोन दिवस."

डोंबिवली

चादरीपलीकडून सासूबाईंनी एक साधा प्रश्न विचारला. त्यांचे यजमान गवंडी होते. "अकरा दिवस झाले. किती मोठं आहे याचं घर?"

प्रॉसीने मावशीकडे बघून, माझ्याकडून ऐकून पाठ झालेला शब्द उच्चारला, "लादी?" आणि दोन बोटांनी चालून दाखवलं, की झाली का? मावशी भांडी घासत होती. ती बेसावधपणे म्हणाली, "लादी? कसली लादी? गेल्या महिन्यात तर मी तिथे जाऊन आले," आणि हातानेच दाखवलं, चकाचक. मग माझा चेहरा बघितला आणि नळ जोरात सोडला.

प्रॉसी ओरडली नाही. तिने चटई उचलली. "आज."

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं. "आज आईकडे—"

"आज."

दोन रिक्षा केल्या, दुसरीत सासूबाई एकट्याच, मावशी घरीच थांबली. चटई आमच्या रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. आमच्या बिल्डिंगच्या खाली आलो तेव्हा वरून टाळ ऐकू येत होते. भजन आमच्याच घरी होतं. दुसरा मजला, दार उघडं. माप नव्हतं, चपलांचा ढीग होता. तो ओलांडून प्रॉसी आत गेली, तिच्यामागे मी. सासूबाई मी आत आहे म्हणून चटई घेऊन जिन्यात थांबल्या.

आत पंधरा-वीस बायका सतरंजीवर, आणि कडेने तीच आमची पांढरी लादी दिसत होती, एक तुकडाही उडालेला नाही. प्रॉसी दारातच गुडघ्यांवर बसली आणि महिनाभर माझ्याकडून घोकून घेतलेलं वाक्य म्हणाली, "आई, मी आले."

टाळ थांबले. कोणीतरी म्हणालं, "अय्या, मराठी बोलते!" जाड चष्म्याच्या लेलेबाईंनी विचारलं, "कोण हो ही?"

आईने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी आठवीत शाळा सोडून घरी आलो तेव्हा होतं तसं होतं. मग म्हणाली, "संतोषच्या कंपनीतली आहे. पाहुणी. फिरायला आलीय."

प्रॉसीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतके दिवस मी प्रत्येक वेळी काहीतरी गोड करून सांगत होतो. ती वाट बघत होती. मी म्हटलं, "आई म्हणते, तू आमची पाहुणी आहेस."

"बरोबर सांगितलंस," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा." मग म्हणाली, "आता तू खाली जा. तू इथे असेपर्यंत माझी आई आत येऊ शकत नाही."

मी माझ्याच घरातून खाली गेलो. जिन्यात सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मी दुसऱ्या भिंतीला घासत उतरलो, आणि त्या चटई घेऊन वर गेल्या. वीस मिनिटं मी गेटपाशी उभा होतो. भाषांतर करायला वर कोणी नव्हतं, आणि खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखं वाटलं.

मग वर बघितलं तर आमच्या गॅलरीच्या ग्रिलवर चटई! जांभळी-हिरवी, अख्ख्या बिल्डिंगला दिसेल अशी. आईचे हात ती नीट पसरत होते. मी वॉचमनला म्हटलं, "काका, ती बघा, माझ्या सासूने विणलीय." त्यांनी मान डोलावली. मी तिथेच देवाला हात जोडले.

त्या खाली आल्या. मी विचारलं, "घेतली ना आईने?"

प्रॉसी म्हणाली, "वास येतो म्हणाली. आत नको, आधी ऊन दाखवते म्हणाली."

"तुला कसं कळलं?"

"मला मराठी तुला वाटतं त्याहून जास्त कळतं, संतोष. तुझ्या मावशीने चादरीआड बरंच शिकवलंय."

दुसऱ्या रिक्षातून, शालीआडून, सासूबाई काहीतरी बोलल्या. बऱ्याच दिवसांनी थेट माझ्याशी. "लादी छान बसवलीय. या आठवड्यात बसवली असं कोणी म्हणणार नाही."

परत, मसाका

येऊन चार महिने झाले. सासूबाईंचा उजवा हात हल्ली थरथरतो. चहाचा कप दाराआडून पुढे येतो तेव्हा बशी वाजते. वय झालं, असं मी म्हणतो. प्रॉसी उठून बशी धरते. आईचा फोन आला की प्रॉसी शेजारी बसते आणि प्रत्येक वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेते. तिला कळलेलं असतं, तरीही.

गेल्या रविवारी आईने व्हिडिओ कॉल केला. आई गॅलरीत बसलेली, मागे चटई, अजून ग्रिललाच बांधलेली. आता सुतळीने पक्की. "चांगली आहे रे," आई म्हणाली. "दुपारचं ऊन अजिबात येत नाही. लेलेबाई विचारत होत्या कुठून आणली." मग थांबली आणि पहिल्यांदाच स्क्रीनवर प्रॉसीकडे बघून बोलली, "अगं, अजून एक मिळेल का? या बाजूलाही ऊन येतं."

आतल्या दाराआड बशी वाजली.

प्रॉसी तिच्या भाषेत, लुगांडात म्हणाली, "सांग त्यांना. चटई बसायची असते. आधी पहिलीवर बसा, मग दुसरीचं बघू. आणि विणणाऱ्या हाताला आता वेळ लागेल."

मी आईला ते सांगितलं. एकही शब्द कमी नाही, एकही गोड नाही.

फोन चालू होता. तिकडे किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. आई दोन शिट्ट्यांना गॅस बंद करते, आयुष्यभर. तिसरी झाली, चौथी झाली, ती उठली नाही.